मान डोलावणारं विमान

४ फेब्रुवारी, मंगळवार

ह्राबाकांच्या विमानाचा ऑटोपायलट आला. तीन खोकी. पडदा एक, मोटरी दोन, तोल ओळखणारी डबी एक, वायरींचं भेंडोळं, स्क्रूंच्या चौदा पुड्या. यादीत पुड्या तेरा. चौदावी कसली? कंपनीला फोन केला. तिकडची बाई हसली. "जास्तीची गेली असेल, ठेवून घ्या." ठेवून कशी घेऊ? यादीत नाही! शेवटी वेगळ्या पाकिटात घालून वर लिहिलं : यादीत नसलेले स्क्रू, सहा.

व्हर्ना म्हणाली, "ऑरिन, तू स्वर्गात गेलास तरी दारात पंखांची पावती मागशील."

विमानदुरुस्तीचं हे दुकान व्हर्नाचं, धावपट्टी काउंटीची आणि वारा कुणाच्या बापाचा नाही — हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते. मी इथे तीन वर्षं आहे. दहावीत शाळा सोडली. अभ्यास येत नव्हता असं नाही. लिहिलेला पेपर पुन्हा पुन्हा स्वच्छ उतरवत बसायचो आणि वेळ संपायची. इथे ते चालतं. विमानांच्या नोंदवह्या व्हर्ना मलाच लिहायला देते. माझं शुद्धलेखन चुकत नाही. खाली सही तिची. माझी अजून चालत नाही. मेकॅनिकच्या परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर तिची शिफारस लागते.

५ फेब्रुवारी, बुधवार

मिस्टर ह्राबाक आले. गुरांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. वय चौऱ्याहत्तर. विमान चव्वेचाळीस वर्षं त्यांच्याकडे आहे. चार सीटचं, वर पंख. एके काळी ते यातून लांबच्या कुरणांवर अडलेल्या गाई सोडवायला जायचे. मागच्या सीटच्या कापडाला अजून औषधांचा वास येतो.

खोक्यात डोकावून म्हणाले, "पोरा, हा माझी जागा घेणार म्हणे?"

मी म्हटलं, "नाही, सर. फक्त हातांची."

मिसेस ह्राबाक मागे उभ्या होत्या. बुटक्या, लोकरीची टोपी, आवाज मात्र चर्चमधल्या घंटेसारखा. "हातांचीच तर भानगड आहे! नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मुलीकडून येताना हे महाराज इतके दमले की विमान धावपट्टीवर तीनदा आपटलं."

"दोनदा," मिस्टर ह्राबाक म्हणाले.

"पहिल्यांदा आपटलं तेव्हा तू डोळे मिटले होतेस, आल्विन, म्हणून तुला दोनदाच वाटतं."

त्यांची मुलगी वायोमिंगला असते. गाडीने नऊ तास, विमानाने तीन. मिसेस ह्राबाकांची अट सगळ्यांदेखत ठरली : यंत्र बसलं की त्या मागे बसणार, मांडीवर काठोकाठ भरलेला कॉफीचा कप. मिस्टर ह्राबाकांनी हात गुडघ्यावर ठेवायचे. एक तास. कॉफी सांडली नाही तर विमान राहील. सांडली तर विकायचं. कॅन्ससचा एक माणूस एक मार्चला बघायला येतोच आहे.

मिस्टर ह्राबाक हसले. पण बाहेर जाताना त्यांनी विमानाच्या नाकावर हात ठेवला. घोड्याच्या ठेवतात तसा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ९.४० ला विमान बाहेरच्या हिमातून आत ओढलं. शेपटीचं झाकण काढलं. नाक वर-खाली करणारी मोटर शेपटीत बसते. मुठीएवढी. तिला एक छोटं रीळ, रिळावर बारीक तार, आणि ती तार विमानाच्या मूळच्या जाड तारेला चिमट्याने जोडायची. पायलट सुकाणू ओढतो तेव्हा हीच जाड तार शेपटीची आडवी फळी हलवते. म्हणजे नवीन काही नाही. जुन्याच तारेला आणखी एक हात लागला, एवढंच.

चिमटे आवळले. तारांचा ताण मोजला, तक्त्याबरोबर ताडला. बरोबर. पुन्हा मोजला. बरोबर. तिसऱ्यांदा मोजणार होतो, व्हर्नाने ताणमापक हातातून काढून घेतला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात शुक्रवारी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल. रोल चिलीत बुडवायचा की नंतर खायचा यावरून व्हर्ना आणि तेलाच्या गाडीवाला दर शुक्रवारी भांडतात. मी नंतर खातो. मला कुणी विचारत नाही.

पंखातली मोटर बसली. चांगला दिवस.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळं जिवंत झालं!

वीज दिली की ते आधी स्वतःलाच तपासतं. सुकाणू आपोआप जरा डावीकडे, जरा उजवीकडे, पुढे, मागे. झोपेतून उठून आळस दिल्यासारखं. मग पडद्यावर हिरवी अक्षरं. मला ही वेळ फार आवडते.

मिस्टर ह्राबाकांना समजावून सांगितलं. मी बोलताना अडखळतो, पण हे सांगताना नाही. म्हटलं, सर, याला आकाश दिसत नाही. ढग, जमीन, काही कळत नाही. त्याला फक्त फरक कळतो. तुम्ही सांगितलेली उंची आणि खरी उंची, तुम्ही सांगितलेली दिशा आणि खरी दिशा. फरक दिसला की तार जरा ओढायची. फरक मिटला की सोडायची. सेकंदाला कितीतरी वेळा.

"जुन्या यंत्रांत एक चाक गरगर फिरायचं," ते म्हणाले. "त्याचा आवाज यायचा. या डबीत काय फिरतं?"

काही फिरत नाही. आत केसाहून बारीक तुकडे थरथरतात. विमान कललं की थरथर बदलते. त्यावरून ते तोल ओळखतं.

"म्हणजे भीतीने चालतं," मिस्टर ह्राबाक म्हणाले.

व्हर्ना लांबून ओरडली, "म्हणूनच आमच्या ऑरिनला ते इतकं कळतं!"

मग त्यांना मोटरीशी पंजा लढवायला लावला. ते चालू असतानाही माणसाने जोर लावला तर आतला क्लच घसरतो, सुकाणू माणसाचं ऐकतं. हे प्रत्येकाला हाताने करून बघायलाच लावायचं, असं व्हर्ना म्हणते. सांगून विश्वास बसत नाही. मिस्टर ह्राबाकांनी जोर लावला आणि जिंकले. पोरासारखे खूश! लाल बटण दाबलं की ते ताबडतोब हात सोडतं, निळं दाबलं की विमान सरळ करतं. ही दोन बटणं मी त्यांच्याकडून डोळे मिटून दहा-दहा वेळा दाबून घेतली. त्यांनी कुरकुर केली नाही. सहाव्या वेळी एवढंच म्हणाले, "गाय एवढ्या वेळात व्याली असती."

१२ फेब्रुवारी, बुधवार

उद्या पहिलं उड्डाण.

दुकानाचा नियम आहे. व्हर्नाच्या वडिलांनी घातलेला : ज्याने काम केलं त्याने पहिल्या उड्डाणाला शेजारच्या सीटवर बसायचं. कागदावर कुठे लिहिलेला नाही. पण या भागातला प्रत्येक पायलट तो जाणतो आणि बघतो की कोण चढतंय.

मी आजवर कधीच चढलो नाही. तीन वर्षांत एकोणीस विमानं. दर वेळी व्हर्ना म्हणते, सही माझी, तेव्हा मीच बसते. आणि बसते.

लोक विचारतात, घरात कुणाचा अपघात झाला होता का? नाही. सगळे ठणठणीत आहेत. कारण काहीच नाही. तेच तर लाजिरवाणं आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कान दुखतोय म्हणून सांगितलं. व्हर्नाने माझ्याकडे बघितलं आणि चढली.

मी आणि मिसेस ह्राबाक कुंपणापाशी उभे होतो. स्वच्छ ऊन, हाडं गोठवणारी थंडी. विमान दोन हजार फुटांवर सरळ झालं. आता ऑटोपायलट लावला असणार. आणि मग ते मान डोलवायला लागलं. नाक जरा वर. जरा खाली. जरा वर. सावकाश, एकसारखं.

मिसेस ह्राबाक म्हणाल्या, "कशाला एवढं हो-हो म्हणतंय ते?"

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चिली खाल्ली नाही. रोल खाल्ला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

व्हर्ना कंपनीशी दीड तास फोनवर. तिकडच्या इंजिनियरचं म्हणणं, यंत्र जास्त उतावीळ झालंय. फरक दिसला की एकदम जोरात ओढतं, मग पलीकडे जातं, मग घाबरून उलटं ओढतं. पडद्यावर एक आकडा असतो, त्याने उतावीळपणा कमी करता येतो. सहावरून चारवर आणला.

फोन ठेवून व्हर्ना म्हणाली, "आकडा कमी करून स्वभाव बदलत असता तर मी तुझ्यावरही दोन टिचक्या मारल्या असत्या."

मला राग येत नाही. ती असं बोलते तेव्हा माझ्या पुढ्यात कॉफी ठेवलेली असते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल व्हर्ना आणि मिस्टर ह्राबाक पुन्हा एकदा वर जाऊन आले. डोलणं कमी होतं म्हणे. आज मिसेस ह्राबाक कप घेऊन चढल्या. व्हर्ना पुढे, मिस्टर ह्राबाकांशेजारी. मी खाली.

अकरा मिनिटांत परत आले. मी घड्याळ लावलं होतं.

मिसेस ह्राबाकांचा पांढरा कोट पोटापासून गुडघ्यापर्यंत तपकिरी. मिस्टर ह्राबाक इंजिन बंद करून आतच बसून राहिले.

"आकडा दोनवर आणून बघू," व्हर्ना म्हणाली.

"आणा," मिसेस ह्राबाक म्हणाल्या. "पण मी परत बसणार नाही. एक तारखेला तो माणूस येतोय, त्याला नको कशाला सांगू?" मग टोपी काढून माझ्यापाशी आल्या. अगदी हळू बोलल्या. हळू बोलल्या म्हणूनच भीती वाटली. "बाळा, हे तू बसवलंस ना?"

"हो, मॅडम."

"नियमाप्रमाणे त्या सीटवर तू असायला हवा होतास. तिन्ही वेळा तू खाली होतास. तुझा कान मी बघितला, काही झालेलं नाही त्याला. पंचेचाळीस वर्षं डॉक्टरच्या घरात काढलीत मी. ज्याने बसवलं तोच बसत नसेल तर मी का बसावं?"

माझ्या हातात पाना होता. तो खणात त्याच्या जागी ठेवला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

त्या म्हणाल्या त्यात एक शब्द चूक नाही. माझ्या न बसण्याने त्यांचं विमान जाणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कळलं! कळलं! सगळं नीट लिहितो, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

सकाळी आठला विमान आत ओढलं. रात्री उणे होतं. हिटर चालू. मी शेपटीखाली वाकलो, तर मानेवर थेंब पडला. वर बघितलं. अख्ख्या पत्र्याला घाम सुटलेला. थंड बिअरचा कॅन बाहेर ठेवल्यावर सुटतो तसा. मी पंधरा वेळा हे बघितलं असेल. आज पहिल्यांदा दिसलं.

हवा गरम. पत्रा अजून बर्फ!

तारांच्या ताणाचा तक्ता तापमानावर असतो. अॅल्युमिनियमचा सांगाडा थंडीत जास्त आखडतो, पोलादाची तार कमी. म्हणून थंडीत तार सैल पडते, उन्हाळ्यात ताणते. तापमान बघायचं, तक्त्यात तेवढ्यासमोरचा आकडा घ्यायचा, तितका ताण द्यायचा. मी बघितलं होतं तापमान. भिंतीवर, ऑफिसच्या दाराशी : ६८ फॅरनहाइट. माझ्या कामाच्या वहीत आहे, वेळेसकट : १०.३०. पण विमान ९.४० ला आत आलेलं. पन्नास मिनिटांत शेपटी कुठून ६८ होणार? भिंतीवरचा तापमापक भिंतीचं तापमान सांगतो!

म्हणजे मी गोठलेल्या विमानाला उबदार खोलीचा ताण दिला. तारा फार घट्ट. घट्ट तार वाटेतल्या कप्प्यांवर घासते. मोटरीने हलकेच ओढलं तर हलत नाही. आणखी ओढलं की एकदम सुटते, गरजेपेक्षा जास्त जाते. मग उलटं ओढ. तिथेही तेच. यंत्र उतावीळ नव्हतंच. त्याचं हळू बोललेलं शेपटीला ऐकूच जात नव्हतं, म्हणून बिचारं ओरडत होतं. आणि आम्ही त्यालाच गप्प करत होतो.

जमिनीवर हे कळलं नाही, कारण इथे सुकाणू आम्ही जोरानेच हलवून बघतो. केसाएवढं हलवून कोण बघतं?

ताण तीनदा मोजायला निघालो होतो मी. तिन्ही वेळा तीच चूक मोजली असती.

अजून व्हर्नाला सांगितलेलं नाही. ती आतमध्ये कंपनीला पत्र लिहितेय की तुमची डबी सदोष आहे.

तोच दिवस, संध्याकाळी

सांगितलं.

पाच वाक्यं कागदावर लिहून घेतली आणि तिच्यासमोर वाचली. तिसऱ्या वाक्याला तिने चष्मा काढला. शेवटचं वाक्य होतं : चूक माझी आहे, डबीची नाही.

व्हर्नाने वही पुढ्यात ओढली. म्हणाली, "त्या मोजणीखाली सही कुणाची आहे?"

"तुझी."

"मी तापमान कुठून घेतलंस म्हणून विचारलं?"

"नाही."

"तेहतीस वर्षं हे काम करते मी. नाही विचारलं. कारण तुझं अक्षर इतकं सुंदर असतं की वाटतं, चूक कशी असेल!" कंपनीचं पत्र तिने दोनदा फाडलं. मी मोजलं नाही, चार तुकडे दिसले. "ह्राबाकांना कोण सांगणार, तू का मी?"

मी म्हटलं, मी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

त्यांच्या घरी गेलो. टेबलावर कोलाचे होते, खसखस भरलेले गोड पाव, म्हणजे पाहुणा म्हणून वागवलं. कागदावरचं वाचलं. मिस्टर ह्राबाक मध्येच म्हणाले, "वाचू नको, माझ्याकडे बघून सांग." बघून सांगितलं. त्यांना लगेच कळलं. गाईच्या पोटात हात घालायच्या आधी तेही तो गरम पाण्यात धरायचे म्हणे. हवा कशी आहे याला अर्थ नाही, आतलं कसं आहे ते महत्त्वाचं.

मिसेस ह्राबाक ऐकत होत्या. "म्हणजे चूक तुझी."

"हो, मॅडम."

"आणि दुरुस्त केल्यावर?"

"मी बसेन. आधी मी बसेन. मग तुम्ही."

"कान?"

"बरा आहे."

त्यांनी माझ्यापुढे आणखी एक कोलाचे सरकवला. "मला लिबी म्हण. मॅडम म्हटलं की बँकेतून फोन आल्यासारखं वाटतं."

२४ फेब्रुवारी, सोमवार

विमान आत. दारं बंद. कुणी दार उघडायचं नाही, अशी पाटी लावली. तेलाच्या गाडीवाल्याने बाहेरून ठोकून विचारलं, आत काय अंडी उबवताय का? व्हर्ना म्हणाली, हो, आणि तू आलास तर फुटतील.

शेपटीच्या पत्र्याला तापमापक चिकटपट्टीने लावला. सकाळी ९ ला २४ अंश, म्हणजे पाणी गोठेल इतकं. दुपारी १ ला ४१. ४ ला ५३. आज हात लावायचा नाही. नुसतं बसून राहणं किती कठीण!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पत्रा ६७, भिंत ६८. ताण मोजला. तक्त्यापेक्षा खूपच जास्त निघाला. पेच सैल केले, बरोबर आकड्यावर आणले, फिरू नयेत म्हणून बारीक तारेने बांधले. व्हर्नाने स्वतः पुन्हा मोजलं, आणि विचारलं, "तापमान कुठून घेतलंस?" मी शेपटीकडे बोट केलं. तिने सही केली.

उतावीळपणाचा आकडा परत सहावर. जसा मुळात होता तसा.

मग सुकाणू दोन बोटांत धरून केसाएवढं हलवलं. शेपटी हलली! लोण्यातून सुरी. दहा मिनिटं नुसता तेच करत होतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

वारा. उड्डाण नाही. सुटका झाली असं वाटलं नाही, हे लिहून ठेवतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बसलो.

आधी मी आणि मिस्टर ह्राबाक दोघंच. पट्टा आवळला, तपासला, पुन्हा तपासला. ते म्हणाले, "अजून आवळलास तर दोन ऑरिन होतील." मग धावपट्टी मागे पळायला लागली आणि मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. जमीन खाली राहिली, मी वर गेलो. ओरडलो नाही. त्यांना हेडफोनमध्ये माझा श्वास ऐकू येत असणार. ते हळूहळू बोलत राहिले. आजारी जनावराजवळ बोलत असतील तसं. काय बोलले ते आठवत नाही.

तीन हजार फुटांवर म्हणाले, "तूच लाव."

बटण मीच दाबलं. हिरवी अक्षरं. त्यांनी हात सुकाणूवरून उचलले, गुडघ्यावर ठेवले. मी पडद्यावरच्या उंचीकडे टक लावली. ३०००. ३०००. वाऱ्याचा एक धक्का बसला. २९९०. मोटरीने जरासं ओढलं, सुकाणू आपोआप बोटभर मागे आलं, ३०००. आणि थांबलं! पुढे गेलं नाही. डोललं नाही. मी मोठ्याने हसलो. स्वतःचंच हसू कानात ऐकू आलं.

"आता तरी बाहेर बघ," मिस्टर ह्राबाक म्हणाले.

बघितलं. चौकोनच चौकोन, बर्फाने भरलेले, मध्ये काळ्या रेघा रस्त्यांच्या. सगळ्या रेघा सरळ. एकही वाकडी नाही! इतकं नीटनेटकं काही असेल असं मला खालून कधी वाटलंच नव्हतं.

खाली आलो. व्हर्नाने माझी टोपी माझ्या डोळ्यांवर ओढली. मग लिबी कप घेऊन मागे चढली. मी पुन्हा पुढे बसलो. एक तास, पश्चिमेकडे आणि परत. मिस्टर ह्राबाक खिडकीला टेकून बसले होते. उतरल्यावर लिबीने कप माझ्या हातात दिला. काठोकाठ. कॉफी थंडगार झाली होती.

"पी," ती म्हणाली. "हक्काची आहे तुझ्या."

दोन्ही उड्डाणं वहीत लिहिली. अक्षर थोडं हललंय. खाडाखोड केली नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज रोल चिलीत बुडवून खाल्ला. वाईट लागत नाही.

व्हर्नाने शिफारशीचा कागद भरायला घेतला. "काटेकोर" या शब्दापाशी अडली, म्हणाली कसा लिहायचा? मी सांगितलं नाही. स्वतःबद्दलचा शब्द मी कसा सांगू? तिने तसाच लिहिला. चुकीचा लिहिलाय. राहू दे.

१ मार्च, शनिवार

विमान विकलं.

लिबीने नाही! तिने तर कॅन्ससच्या माणसाला दारातच सांगितलं होतं, तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा. तो गाडीत बसला, तेव्हा मिस्टर ह्राबाकांनी त्याला हाक मारली.

मी म्हटलं, "सर, आता तर ते नीट झालंय!"

"म्हणूनच, पोरा. चव्वेचाळीस वर्षं वाटायचं, मी सोडलं की पडेल. परवा सोडलं. पडलं नाही. तासभर नुसता बाहेर बघत होतो, जन्मात पहिल्यांदा. पोट भरलं माझं."

लिबी टोपी काढून उभी होती. त्यांनी तिच्या हातात गाडीची किल्ली दिली.

"वायोमिंगपर्यंत तूच चालव," म्हणाले. "मी खिडकीशी बसतो."